हात कळांवर, डोळे कामावर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील आपल्या खजिनदारांच्या भाषणाचे शब्दांकन)



या मालेत माझ्या आधी मधुमेहावर बोलणं झालं, मृत्युपत्रावर झालं, गच्चीवरच्या बागेवर झालं. माझा विषय बोर्डावर लागला तेव्हा लिफ्टमध्ये एकानं विचारलं, "मॅडम, कीबोर्डच्या शॉर्टकटवर तासभर काय बोलणार? कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, झालं की!" मी म्हटलं, या, चहा आहे. ते आलेत, समोरच बसलेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

मी मूळची टायपिस्ट. शाळा संपल्यावर वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं. माझ्या वयाच्या बायकांना तो क्लास आठवत असेल. ओळीनं मांडलेली मशिनं, सगळीकडून खटखट, ओळ संपत आली की वाजणारी घंटी, आणि पहिले कित्येक दिवस एकच धडा: ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे. सरांचा दंडक असा की कळांकडे बघायचं नाही. बघितलं की हातावर पट्टी. तेव्हा राग यायचा. आज कळतं की सर बोटांना पाढे शिकवत होते. सात आठे किती, हे आपण विचार करून सांगत नाही, तोंडातून आपोआप येतं. तसंच बोटांचं व्हायला हवं.

घरी गेल्यावर कीबोर्ड नीट बघा. एफ आणि जे या दोन कळांवर बारीकशी उंच रेघ असते. पहिली बोटं तिथं ठेवली की बाकीची आपापल्या जागी बसतात, खाली बघावं लागत नाही. उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असेल तर तिथं ५ वर तीच खूण असते. ही रेघ इतकी वर्षं बोटाखाली आहे आणि बऱ्याच जणांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं.

या कीबोर्डची मांडणी फार जुनी आहे. १८७४ साली बाजारात आलेल्या रेमिंग्टनच्या टाइपरायटरवरून ती चालत आली. माउस त्या मानानं कालचा. डग्लस एंगलबार्ट यांनी तो जगाला दाखवला डिसेंबर १९६८ मध्ये. सुरुवातीला संगणकावरचं सगळं काम कळांनीच व्हायचं, माउस नंतर आला, सोपा वाटला आणि आपण सगळे त्याच्या शेपटीला लागलो. माउस वाईट नाही. चित्र काढायला, फोटो कापायला तोच हवा. पण ज्याला रोज तेच काम शंभरदा करायचंय, त्यानं दर वेळी हात कीबोर्डवरून उचलायचा, माउस शोधायचा, बाण शोधायचा, मेनू उघडायचा, त्यात ओळ शोधायची, टिचकी मारायची, परत हात कीबोर्डवर आणायचा, हे म्हणजे प्रत्येक पोळीला पीठ आणायला वाण्याकडे जाण्यासारखं आहे.

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही म्हणालात ना, त्याचीही गोष्ट आहे. पूर्वी मजकूर खरोखर कात्रीनं कापून डिंकानं चिकटवत. आपल्या सोसायटीची पहिली वर्षं आठवणाऱ्यांना ठाऊक असेल, स्मरणिकांची पानंसुद्धा ब्रोमाइडचे तुकडे चिकटवून तयार व्हायची. हे काम पडद्यावर आणलं लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी, १९७० च्या दशकात, अमेरिकेत पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. टेस्लर पुढे अॅपलमध्ये गेले आणि लिसा, मॅकिंटॉश या संगणकांबरोबर झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा जगभर पोचल्या. चारही कळा खालच्या ओळीत एकमेकींना लागून, डाव्या हाताच्या टप्प्यात. सी म्हणजे कॉपी, हे सरळ आहे. एक्स कात्रीसारखा दिसतो. व्ही म्हणजे ओळीत राहिलेला शब्द घालताना आपण खाली खूण करतो तशी. आणि झेड म्हणजे केलेलं परत फिरवा. टेस्लर २०२० मध्ये गेले. आपण त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांचं काम दिवसातून पन्नासदा करतो.

आता आपल्या घरचं. खजिनदार म्हणून माझ्याकडे काय येतं? ९६ फ्लॅट, तिमाही बिलं, म्हणजे तीन महिन्यांनी ९६ पावत्यांच्या नोंदी. एका खिडकीत बँकेचा उतारा, दुसऱ्या खिडकीत आपली एक्सेलची वही. उताऱ्यातून रक्कम आणि व्यवहार क्रमांक उचलायचा, वहीत त्या फ्लॅटसमोर टाकायचा. पहिल्या वर्षी मी हे सगळं माउसनं केलं. मग एकदा घड्याळ लावून बघितलं. ऑल्ट धरून टॅब दाबलं की एका खिडकीतून दुसरीत जाता येतं. कंट्रोल आणि सेमिकोलन दाबलं की आजची तारीख आपोआप पडते. कंट्रोल-डी नं वरच्या चौकटीतलं खाली उतरतं. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की वरच्या आकड्यांची बेरीज तयार. कंट्रोल आणि खालचा बाण, की थेट शेवटच्या नोंदीवर. नोंदीमागे दहा-एक सेकंद वाचले. ९६ नोंदींचे झाले ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं. कुणी म्हणेल, सोळा मिनिटांत काय होतं? वरणाचा कुकर होतो. पण खरं सांगायचं तर मला मिनिटांपेक्षा मनगट महत्त्वाचं होतं. त्या वर्षी माझं उजवं मनगट इतकं दुखत होतं की ताटातला भात कालवता येत नव्हता. डॉक्टरांनी माउस कमी करायला सांगितलं. कमी करायचा तर दुसरा मार्ग हवा, म्हणून मी कळांकडे वळले. हौस म्हणून नाही.

ज्यांनी टॅलीवर काम केलंय त्यांना हे सांगायला नको. एफ-४ ला काँट्रा, एफ-५ ला पेमेंट, एफ-६ ला रिसीट, एफ-७ ला जर्नल. टॅलीवर मुरलेला अकाउंटंट बघा, त्याचा माउस टेबलाच्या कोपऱ्यात धूळ खात असतो.

आता मी जे सांगणार आहे ते खरं तर या भाषणाचं कारण आहे. काही जणांना ते माहीत आहे, काहींनी अर्धवट ऐकलंय. ज्यांच्याबाबत घडलं त्या मावशी इथं बसल्यात आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगते.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. वार्षिक सभेआधी थकबाकीची यादी बोर्डावर लावायची होती. रात्रीचे साडेअकरा झालेले. मला यादी मोठ्या थकबाकीपासून लहान थकबाकीकडे हवी होती. मी थकबाकीचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. एक्सेलनं मला विचारलं होतं हो, की शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे की फक्त हाच? मी न वाचता 'फक्त हाच' वर टिचकी मारली. रकमा हलल्या, फ्लॅटचे नंबर जागच्या जागी राहिले. म्हणजे वहीत वर असलेल्या फ्लॅटांच्या नावावर सगळ्यात मोठी थकबाकी चढली. मी खालची बेरीज पाहिली. ती बरोबर होती! असणारच, कारण रकमा त्याच होत्या, फक्त माणसं बदलली होती. सेव्ह केलं, छापलं, फाइल बंद केली आणि झोपले. सकाळी यादी बोर्डावर आणि नोटिसा दारांत.

ए विंगमधल्या या मावशी. पंचवीस वर्षांत यांचा मेंटेनन्स एकदाही चुकलेला नाही. काका असताना ते पहिल्याच आठवड्यात चेक आणून द्यायचे. काकांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मावशींच्या नावावर ३८,४०० रुपये थकबाकी लागली. त्या दुपारी माझ्याकडे आल्या. हातात काकांची फाइल, पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत तारखेनं लावलेली. भांडल्या नाहीत. फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "बघून घ्या. ते गेल्यावर आमचं नाव बोर्डावर लागलं."

मी पाचव्या मिनिटाला खाली जाऊन यादी काढली. पेन ड्राइव्हवर आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून दुरुस्ती झाली. नोटीस गेलेल्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागितली, वार्षिक सभेत उभं राहून मागितली. पण तोवर अर्ध्या सोसायटीनं बोर्ड वाचला होता. वाचलेलं परत फिरवायला कुठली कळ नाही.

मी नंतर पुष्कळ विचार केला. यादी नीट बघितली असती तर एक प्रश्न नक्की पडला असता, की सगळी मोठी थकबाकी ए विंगच्या पहिल्या मजल्यावरच कशी? आणि तेव्हाच कंट्रोल-झेड एकदा दाबलं असतं तर सगळं पूर्ववत झालं असतं. एक्सेलमध्ये सेव्ह केल्यावरसुद्धा फाइल उघडी असेपर्यंत मागं फिरता येतं. फाइल बंद केली की ती वाट बंद. टाइपरायटरवर माझी एक चूक झाली की तीन कार्बन कॉप्या वेगवेगळ्या खोडाव्या लागायच्या, म्हणून बोट टेकवण्याआधी मी बघायचे. संगणकावर चूक पुसणं सोपं झालं आणि माझं बघणं सुटलं.

म्हणून त्या दिवसापासून माझे तीन नियम आहेत. एक, कुठल्याही यादीत कंट्रोल-टी दाबून आधी तिचा तक्ता करायचा. मग क्रम लावताना पूर्ण आडवी ओळ एकत्र हलते, नाव एकीकडे आणि रक्कम दुसरीकडे असं होत नाही. दोन, काही मोठं करण्याआधी एफ-१२ दाबून त्या दिवसाच्या तारखेची वेगळी प्रत करायची. तीन, शॉर्टकटनं वाचलेली ती सोळा मिनिटं टीव्हीला द्यायची नाहीत, तपासायला द्यायची. वेगानं काम करायचं ते लवकर उठण्यासाठी नाही. शेवटी बघायला वेळ उरावा यासाठी.

आता तपासण्याचंच सांगते. बी विंगमधले आपले काका, आपले अंतर्गत हिशेब तपासनीस. आयुष्यभर हिशेबात गेलेला माणूस. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली तेव्हा त्यांनी कमिटीकडे राजीनामा दिला होता. त्यांच्या पुतण्यानं त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट मिळतं आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. पण ज्याला बाण दिसत नाही त्याला माउसचा काय उपयोग? त्यांचं सगळं काम कळांवर. टॅबनं पुढच्या जागी, शिफ्ट-टॅबनं मागे, बाणांनी एकेका चौकटीत, इन्सर्ट धरून टी दाबलं की कुठली खिडकी उघडी आहे ते कानात येतं. मी त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं तेव्हा माझ्या सरांची पट्टी आठवली. कळांकडे न बघणं म्हणजे काय, ते मला सत्तरीच्या पुढच्या माणसानं दाखवलं.

त्या प्रकरणानंतर मीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, राजीनामा परत घ्या, मला दुसरे कान हवेत. आता प्रत्येक यादी बोर्डावर लागण्याआधी त्यांच्याकडे जाते. ते एकेक ओळ ऐकतात आणि मध्येच थांबवतात: "यांच्याकडे एवढी बाकी? शक्य नाही, हे तर वर्षाचे आगाऊ भरतात. बघ परत." गेल्या वर्षी त्यांनी अशा दोन चुका पकडल्या. तुम्हा-आम्हाला शॉर्टकट म्हणजे थोडी सोय. काकांना तो एकमेव रस्ता आहे. पुढच्या वेळी सोसायटीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, माउसशिवाय हे पूर्ण चालतं का?

मराठीबद्दल दोन शब्द. या स्मरणिकेसाठी तुम्ही लेख पाठवले, त्यातले निम्मे मोबाइलवर बोलून लिहिलेले होते, आणि "सभासद" चं "सभा साद" झालेलं मी स्वतः सुधारलंय. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून घ्या. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. तिथला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आपल्या वर्णमालेसारखाच रचलेला आहे. स्वर डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट धरून ख. आय वर ग, शिफ्टनं घ. एल वर त, शिफ्टनं थ. एच वर प, शिफ्टनं फ. मात्रा साधी, तर पूर्ण स्वर शिफ्टनं. पाय मोडायचा तर डी. ज्याला बाराखडी येते त्याला रोज अर्धा तास पुरतो. मला तीन आठवडे लागले, आणि माझी बोटं तर जुन्या मशिनाच्या सवयीनं बिघडलेली होती.

ज्येष्ठांसाठी काही गोष्टी खास. अक्षर बारीक वाटलं तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, अक्षर मोठं होतं. कंट्रोल आणि शून्य, की पहिल्यासारखं. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं तर पूर्ण पडद्यावर भिंग येतं. लांबलचक पत्रकात आपला फ्लॅट शोधायला कंट्रोल-एफ. चुकून बंद झालेलं ब्राउझरचं पान परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी. लाइट जाण्याआधी कंट्रोल-एस, आणि लाइट कधी जाईल हे सांगून जात नाही, तेव्हा दर परिच्छेदाला कंट्रोल-एस. दाराची बेल वाजली तर उठताना विंडोजची कळ आणि एल, संगणकाला कुलूप. आपण घराला लॅच लावतो, तसंच.

आणि एक इशारा. शॉर्टकट चोरांनाही येतात. फोनवर किंवा एखाद्या पानावर कुणी सांगितलं की "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर", तर दाबू नका. त्या पानानं आधीच तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं ती संगणकाला देता. ज्या कळांचा अर्थ आपल्याला माहीत नाही, त्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून दाबायच्या नाहीत. कोरा कागद सही करून देण्यासारखं आहे ते.

शेवटी, शिकायचं कसं? पन्नास शॉर्टकटची यादी भिंतीला लावू नका. ती आठवड्यानं रंगासारखी दिसेनाशी होते. आज घरी जाऊन एवढंच बघा की दिवसात कुठल्या एका कामासाठी तुम्ही माउस सगळ्यात जास्त वेळा उचलता. त्या एकाच कामाची कळ शोधा, चिठ्ठीवर लिहा, पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवा. एक आठवडा तेवढं एकच. पहिले दोन दिवस काम उलट हळू होईल, चिडचिड होईल. तिसऱ्या दिवशी बोट आपोआप जाईल. मग चिठ्ठी बदला. वर्षाला बावन्न आठवडे असतात, घाई नाही.

मुलांना एक विनंती. आई-बाबा विचारतात तेव्हा त्यांच्या हातातला माउस ओढून "हे बघ, झालं" करू नका. तुमचं झालं, त्यांचं राहिलं. त्यांची बोटं कळांवर ठेवा, तुमची खिशात ठेवा, आणि त्यांना दाबू द्या.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा सोसायटीचे हिशेब हातानं लिहिलेल्या एका लाल कापडी वहीत होते. ती वही अजून ऑफिसच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर मावशींच्या काकांची सही आहे, ते आपले पहिले खजिनदार होते. खाडाखोड कुठं झालीच तर शेजारी त्यांची छोटी सही आणि तारीख. मी कधी कधी ती वही उघडून बघते. त्यांच्याकडे कंट्रोल-झेड नव्हतं. दर पानाच्या तळाशी मात्र त्यांनी एक शब्द लिहिलेला आहे: तपासले.

मला त्यांच्याइतकं व्हायला अजून वेळ लागेल. मावशींनी हे सांगू दिलं, काकांनी भाषणाची टिपणं आधी ऐकून दोन आकडे दुरुस्त केले. चहा तयार आहे.